माझं विमान खाल्लं

२७ मे

आज दादा शहरातून आला आणि दोन तासांत माझं डोकं फिरवून गेला. शाळा संपली म्हणून कौतुक करायला आला होता म्हणे. कौतुक दारातच संपलं. बूट काढता काढता विचारतो, "डिग्री कुठली घ्यायची ठरवलीस?" मी म्हटलं, डिग्री नाही, विमान. त्यावर नुसता हुं म्हणाला. मला त्या हुंचाच जास्त राग येतो.

मी पायलट होणार हे या घरात ठरून वर्ष झालं. बाबा घोडे विकणार, विमानशाळेची फी भरणार, सप्टेंबरात मी जाणार. यात न कळण्यासारखं काय आहे? पण दादाचं आपलं एकच पालुपद. आधी जमिनीवरचं काहीतरी शिक. गुरांची डॉक्टर हो, विजेचं शिक, हिशेबाचं शिक, पण हातात एक डिग्री असू दे. सरकारी शिष्यवृत्तीवर चार वर्षं शिक आणि मग उड. उद्या कान बिघडला, डोळा बिघडला, कंपनी बुडली, तर काय खाशील?

अरे, पण तू कोण? मला जन्म दादा आणि वहिनीने दिला, मान्य. पण पहिलं नातवंड म्हणून बाबांनी मला मागून घेतलं आणि माझं दूध तुटलं तशी मी इकडे आले. गावात निम्म्या घरांत असंच आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही. आजोबांना मी बाबा म्हणते, आजीला आई म्हणते, आणि ज्यांनी जन्म दिला ते माझे दादा-वहिनी. माझी सख्खी धाकटी बहीण मेरुएर्त मला आत्या म्हणते आणि मीही तिला आत्यासारखीच झापते. सगळं व्यवस्थित चाललंय. फक्त या माणसाला मधूनच आठवतं की आपलं इथे काहीतरी आहे.

एकदा देऊन टाकलंस ना? मग आता डिग्री कसली ठरवतोस?

मला कारण माहीत आहे. दादा स्वतः पायलट होता. सरकारी शेतांवर औषध फवारायचं लहान विमान चालवायचा. मी जन्मले त्या हिवाळ्यात त्यांची तुकडी बंद पडली आणि आता तो कोस्तानायमध्ये घरोघर जाऊन फ्रीज दुरुस्त करतो. स्वतःला उडता येत नाही, मग हिने तरी का उडावं? जळतो, दुसरं काय!

बाबा मात्र बाबाच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोर माझी, घोडे माझे. तू चहा पी." दादा गुपचूप चहा प्यायला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोन तळलेले बाउरसाक जास्त वाढले.

३० मे

आज सगळ्या जगाने माझी डिग्री ठरवली. आई म्हणते, शिक्षिका हो, दुपारी घरी येता येतं. आई, कुणाच्या घरी? अजून घर कुठे आहे माझं? मुख्याध्यापक म्हणाले, एवढी विमानाची हौस आहे तर विमान-अभियांत्रिकी घे, शिष्यवृत्तीही मिळेल आणि उडता नाही आलं तरी विमानाजवळ राहशील.

हे मला पटलं. म्हणून मी मोठेपणा करून स्वतः दादाला फोन लावला. म्हटलं, घे, तुझ्या मनासारखं करते, विमान-अभियांत्रिकी घेते. मला वाटलं खूश होईल. तर म्हणतो, "ती सोडून काहीही घे." का? तर म्हणे विमानं उभी राहिली की पायलट, मेकॅनिक, कंट्रोल टॉवरवाला, सगळे एकाच दिवशी घरी बसतात. त्याच्या तुकडीतला मेकॅनिक त्याच्या शेजारीच बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकायला बसायचा. आधाराची काठी ही वेगळ्या झाडाची हवी म्हणाला.

मी फोन आपटला. आपटल्यावर आठवलं की फोन आईचा आहे.

९ जून

शाळेनंतरची सरकारी परीक्षा झाली. चांगली गेली. आणखी काय लिहू?

१९ जून

अल्माटीहून आजच परत आले. वैद्यकीय तपासणीत पास झाले. डोळे, कान, हृदय, डोकं, सगळं ठणठणीत. खुर्चीत बसवून गरगर फिरवलं तरी मला काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, घोड्यावर वाढलेली दिसतेस.

हाही दादाचाच हट्ट होता, की एक पैसा भरायच्या आधी तपासणी. म्हणजे मी नापास व्हावं अशी आशा! दोन दिवस कामावर सुट्टी टाकून माझ्याबरोबर आला. तिकिटं त्याने काढली, हे लिहायला हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन.

कोस्तानाय ते अल्माटी विमानाने गेलो. माझा पहिला विमानप्रवास. आणि खरं लिहायचं तर आधी मला भीती वाटली. मनात म्हटलं, मला हे आवडलंच नाही तर? गावभर सांगून बसलेय. मग चाकं जमिनीवरून सुटली आणि ते सगळं गेलं. खाली आमच्यासारखी गावं होती, इतकी लहान की तिथल्या भांडणांचं हसू यावं. मला तिथेच बसायचंय, पुढे, पायलटच्या दाराच्या आत. दुसरं काही नकोच आहे मला.

आणि दादा? मला खिडकी दिली आणि स्वतः डोळे मिटून बसला तो उतरेपर्यंत. एकदाही बाहेर बघितलं नाही. पायलट म्हणे! उतरायच्या वेळी त्याचे दोन्ही पाय बुटांत हलत होते, कधी डावा दाबायचा, कधी उजवा. मुंग्या आल्या असतील. मी म्हटलं, "एवढा घाबरतोस?" तर म्हणाला, "हो." निदान कबूल तरी करतो.

निकाल कळल्यावर त्याने दवाखान्याच्या पायरीवर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढूनही घेतला. इथे बाबा नव्हते, कुणी ओळखीचं नव्हतं, तरी काढला. बाबांसमोर तर त्याने मला कधी जवळही घेतलं नाही. आपलं मूल वडीलधाऱ्यांसमोर कुरवाळू नये ही रीत मलाही माहीत आहे. पण रीतीचं एवढं ओझं वाटत असेल तर इतर बाबतींत नाक का खुपसतो?

२३ जून

बाबा टोई घालणार, मोठी मेजवानी! माझ्यासाठी! टोई तशी लग्नाची, मुलगा चालायला लागल्याची, नाहीतर म्हाताऱ्याच्या सत्तरीची. आपल्या गावात शिकायला निघालेल्या पोरीची कुणी घातल्याचं मला आठवत नाही. बाबा म्हणाले, या जिल्ह्यातून एक पोर आकाशात चाललीय आणि लोकांना चहासुद्धा पाजायचा नाही? सहा गावांना आवतण जाणार. घोड्यांच्या शर्यती, कुस्ती, दोम्ब्रा वाजवणारा गायक, सगळं. बाबांचे मित्र दुईसेनकाका कारभारी आहेत. ते दिवसातून चारदा येतात आणि दरवेळी पाहुणे वाढवून जातात.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आधी फी भरा आणि उरलेल्यात टोई घाला, म्हणाला. बाबांचा आवाज चढला. म्हणाले, "माझ्या दारात येऊन लोक रिकाम्या हाताने परत गेले तर तुझी डिग्री माझी अब्रू आणून देणार का?" फोन ठेवला आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले.

मीही चिडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी काही होतंय, तर तेही याला बघवत नाही. कंजूष!

२८ जून

परीक्षेचा निकाल लागला. जिल्ह्यात दुसरी आले. शिष्यवृत्तीच्या अर्जात वीस जुलैपर्यंत विषय लिहून द्यायचे असतात. मी देणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, देऊन तर ठेव. मी म्हटलं, ज्याला परतीच्या वाटेची काळजी आहे त्याने निघूच नये. हे वाक्य मला फार आवडलं. दुईसेनकाकांनाही आवडलं, त्यांनी ते गायकाला कळवलंय.

६ जुलै

टोई काल झाली. काल लिहायला हातच उठला नाही. आजही पाय दुखतायत, पण सगळं लिहून ठेवणार.

काय लोक आले होते! ओढ्याच्या पलीकडे सहा तंबू होते आणि गाड्या तर मोजल्याच नाहीत. आधी दोन घोडे कापायचे ठरले होते, दुपारपर्यंत चार कापले. आईच्या मैत्रिणींनी पहाटेपासून कणीक लाटली. जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याने माईकवर माझं नाव कमशातच्या ऐवजी कामिला घेतलं, पण म्हणाला चांगलं.

मग देणंघेणं सुरू झालं. शर्यतीच्या पहिल्याला घोडा, दुसऱ्याला शिंगरू. कुस्ती जिंकली त्याला घोडा. वहिनीच्या माहेरची माणसं सात तास गाडी हाकत आली, व्याह्यांना घोड्याशिवाय कसं पाठवायचं? त्यांच्या मागून धाकटे व्याही आले. मग अर्कालिकचा भाचा उभा राहिला. भाच्याने मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नसतं, आणि त्या निर्लज्जाने सगळ्यांसमोर तीन वर्षांचा तपकिरी घोडा मागितला. बाबा हसून म्हणाले, घे.

शेवटी गायकाने माझ्यावर गाणं म्हटलं. सैतकालीची, म्हणजे बाबांची लेक, पंखांची लेक, परतीची वाट न विचारणारी. माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपल्यावर बाबांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याला कुठला द्यायचा ते तूच सांग. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी करडी घोडी म्हटलं. आपल्या कळपातली सगळ्यात चांगली, गाभण घोडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं बाबांच्याच घरात होतं, असं कुणीतरी म्हणालं आणि बाबांची मान इतकी ताठ झाली.

दादा दिवसभर लाकडं फोडत होता आणि पाणी वाहत होता. एकदाही तंबूत आला नाही. रात्री जाताना कुंपणाशी उभा राहून उरलेल्या घोड्यांकडे बघत होता. मी विचारलं, कसं झालं? "छान झालं," म्हणाला. चेहरा मात्र मयताला आल्यासारखा.

९ जुलै

मला काहीतरी फोडायचंय.

आज अर्कालिकचा व्यापारी आला घोडे बघायला. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. व्यापाऱ्याने कळपाला एक फेरी मारली, दुसरी मारली आणि म्हणाला, बाकीचे कुठे चरायला गेलेत? बाबा म्हणाले, एवढेच. व्यापाऱ्याने टोपी मागे सारली आणि एकदम फार अदबीने बोलायला लागला. माणसं अशी अदबीने बोलायला लागली की समजावं, काम झालं नाही.

उरलेले सगळे विकले, जुन्या घोड्या, वळू, बाबांचा बसायचा घोडासुद्धा, तरी विमानशाळेचं पहिलं वर्षही पुरं होत नाही. आणि अर्ध्या प्रशिक्षणाचा परवाना मिळत नाही. अर्धी पायलट म्हणजे कुणीच नाही.

बाबा म्हणाले, सगळे घे. व्यापारी म्हणाला, आजोबा, मग हिवाळ्यात तुम्ही काय करणार? आई आत गेली. व्यापारी चहा न घेता निघाला. आपल्या दारातून कधी कुणी असा गेला नव्हता.

आणि मी बोलले. मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. मी म्हटलं, "तुम्ही माझं विमान कापून लोकांना खायला घातलंत."

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खोगीर उचललं, जागेवर ठेवलं, परत उचललं. मला थांबायचं होतं, पण तोंड थांबेना. म्हटलं, त्या भाच्याला तपकिरी देताना हसत होतात ना? त्या गायकाला करडी देताना? करडी मी दिली होती. हे बोलता बोलता मला आठवलं आणि मी आणखीच जोरात ओरडले.

१२ जुलै

बाबा तीन दिवस माझ्याबरोबर जेवायला बसलेले नाहीत. सकाळी कळपाकडे जातात ते अंधार पडल्यावर येतात. आई दोघांना वेगवेगळं वाढते. दुईसेनकाका फिरकलेले नाहीत. सहा गावांतला एक माणूस फिरकलेला नाही. त्या दिवशी त्यांना आमच्या दाराचा रस्ता किती सापडत होता!

मला सगळ्यांचा राग येतोय. बाबांचा, कारण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. माझा, कारण मलाही आलं नाही. पण सगळ्यात जास्त दादाचा. तो आधीच बरोबर होता. बरोबर असून एकदाही ओरडला नाही. एकदा त्याने ओरडून म्हटलं असतं ना, की मी हे होऊ देणार नाही, तर? लाकडं फोडत बसला. फोड म्हणावं.

१५ जुलै

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

बाबांनी काल दादा-वहिनीला बोलावून घेतलं. आज ते आले. मेरुएर्तला शेजारी सोडून आले होते, म्हणजे काहीतरी मोठं आहे हे मला तेव्हाच कळलं. आईने जेवणाचा दस्तरखान अंथरला. बाबांनी दादाला हाताला धरून आपल्या जागेवर, घराच्या मुख्य जागेवर बसवलं. दादा नको नको म्हणत होता. स्वतः बाबा खाली बाजूला बसले. मला हसू आलं. आजपर्यंत त्या जागेवर बाबांशिवाय दुसरं कुणी बसलेलं मी बघितलं नव्हतं. मग बाबांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं.

बाबा म्हणाले, "कैरकेन, ही मी तुझ्याकडून मागून घेतली होती. तिचं सगळं बघीन म्हणालो होतो. तिच्या वाटणीचं होतं ते मी गावाला वाटून बसलो. पोर तुझी आहे. तू घेऊन जा, काय शिकवायचं ते तू ठरव. आजपासून ती तुला बाबा म्हणेल."

आईने रुमालाचं टोक तोंडात धरलं. वहिनी चहा ओतत होती. वाटी भरली, वरून वाहायला लागली, तरी ती ओततच राहिली. वहिनीचा हात चहा ओतताना चुकलेला मी कधी बघितलेला नाही. ती माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे अशी सरळ, डोळ्यांत डोळे घालून कधीच बघत नव्हती, आणि आज नजर काढेना.

मी ताडकन उठले. माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी काय उसनं आणलेलं भांडं आहे, काम झालं की परत करायला? मी कुठेही जाणार नाही आणि याला बाबा तर जन्मात म्हणणार नाही. सगळं जिभेवर होतं. फक्त दादा 'हो' म्हणायची वाट होती, की मी त्याच्या तोंडावर सांगणार होते.

दादा उठला, बाबांच्या जागेवरून चालत दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, दिलेलं परत घेत नाहीत. ही तुमची लेक आहे. मी तिचा थोरला भाऊ आहे. थोरला भाऊ म्हणून एक सांगतो, तेवढं ऐका."

आणि त्याने सांगितलं. एकही घोडी विकायची नाही. चार वर्षं घोड्या विणार, शिंगरं वाढणार, कळप परत उभा राहील. ती चार वर्षं मी शिष्यवृत्तीवर डिग्री करायची. डिग्री हातात आली की तरणे घोडे विकायचे आणि मला विमानशाळेत घालायचं. तेव्हा मी फक्त बावीसची असेन. मधल्या काळात टोई नाही, अगदी कुणी मेलं तरी चहा आणि ब्रेड. डिग्री कुठली ते मी ठरवायचं, फक्त आकाशातली नको. बाबांनी परवानगी द्यावी, म्हणाला. असं हात जोडून विचारत होता की जणू घोडे बाबांनी कुणाला दिलेलेच नाहीत.

बाबांनी मान हलवली. "थोरल्या भावाचं ऐकायला हवं," म्हणाले. उठून आपल्या जागेवर जाऊन बसले. आणि सहा दिवसांनी पहिल्यांदा मला म्हणाले, कमशात, मला चहा दे.

वहिनी बाहेर निघून गेली. सुटल्यासारखं झालं असेल तिला. एवढी घोडी घरात आणून काय करायची? जेवली पण नाही. जाताना गाडीत मागच्या सीटवर एकटी बसली.

आणि दादा! मी फुकट मिळत होते. कुणी मागितलं नव्हतं, भांडण नव्हतं, म्हातारा स्वतःच्या तोंडाने देत होता. तरी नको म्हणाला. दुसऱ्यांदा. मीच नाही म्हणणार होते, पण त्याने मला ते म्हणूही दिलं नाही. मी उठून उभी राहिले ती तशीच मूर्खासारखी उभी.

मला रडू येतंय ते रागाने येतंय.

१८ जुलै

अर्ज भरला. तीन दिवस डोकं खाजवलं. गुरांची डॉक्टरी मला अर्धी येतेच, पण जन्मभर घोडीच्या पोटात हात घालायचा? शिक्षिका झाले तर पोरं पहिल्या आठवड्यात मार खातील. हिशेबाचं काम म्हणजे दिवसभर खुर्ची. शेवटी वीज लिहिली. इथे वारा सुटला की तारा तुटतात आणि अर्कालिकहून माणूस यायला तीन तीन दिवस लागतात. तोपर्यंत अख्खं गाव मेणबत्त्या लावून त्याला शिव्या घालतं. तो माणूस मी असते तर निदान लवकर आले असते.

पुस्तिकेत काय काय शिकवतात ते वाचत बसले तर दुपार कधी गेली कळलं नाही. मग एकदम लक्षात आलं की मला हे आवडायला लागलंय, आणि पुस्तिका फेकून दिली. हे तात्पुरतं आहे. चार वर्षं. पुढच्या बाजूची, दाराच्या आतली जागा माझी आहे आणि ती मी घेणार, मग कुणी कितीही काठ्या हातात देऊ दे.

११ ऑगस्ट

शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी कुणालाही सांगितलं नाही. दुईसेनकाका विचारायला आले तर बाबांनी त्यांना चहा आणि ब्रेड दिला.

२६ ऑगस्ट

कोस्तानाय. वसतिगृह. खोलीत चौघी आहोत आणि एक घोरते.

दादाच्या गाडीतून आले. निघताना बाबांनी मला पोटाशी धरलं आणि सोडेचनात. दादा तोवर गाडीच्या मागे जाऊन सामान पुन्हा बांधत होता, आधीच बांधलेलं.

मी वसतिगृहात राहणार हेही त्यानेच ठरवलं. त्याच्या घरी एक खोली रिकामी आहे. वहिनीने मेरुएर्तला आपल्या खोलीत घेऊन ती रिकामी केली होती, मेरुएर्तनेच मला फोनवर सांगितलं, आत्या, पडदेसुद्धा लावलेत. पण दादा म्हणाला, नको, बाबांना वाटेल नेली. म्हणजे भाऊ म्हणूनही घरात नको! वहिनीने एक रजई पाठवली आहे. नवीन शिवलेली, चांगली जाड.

निम्मा रस्ता कापला. मग राहवलं नाही. बाहेर बघत विचारलं, "त्या दिवशी नको का म्हणालास?"

तो म्हणाला, "तू हो म्हणाली असतीस तर बाबा या हिवाळ्यातून उठले नसते."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

समोर रस्ता सरळ होता, एक गाडी नव्हती, तरी तो दोन्ही हातांनी चाक गच्च धरून बसला होता. पुढच्या धाब्यावर चहा घेऊ म्हणाला. याला मी बोलणं म्हणत नाही. उत्तर देता येत नसेल तर अर्धं तरी कशाला बोलायचं?

धाब्यावर त्याने चहा आणला आणि दूध घातलं. किती घालू म्हणून विचारलं नाही. मला लागतं तेवढंच घातलं, अगदी बरोबर. त्याने माझ्या चहात दूध घातल्याचं मला एकदाही आठवत नाही. याला कुणी सांगितलं? मला इतका राग आला की मी कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने तो कप घेऊन आला, खिडकीतून मला दिला आणि मी पिऊन होईपर्यंत बाहेर उभा राहिला.